जुन्या गाडीच्या एसीची रोजकीर्द

दुकानाच्या गल्ल्यात रोजच शंभर रुपये कमी भरत असतील, तर त्याचे कारण दोन दिवसांत सापडते. अवघड असते ती कधी जुळणारी आणि कधी न जुळणारी रोकड. सोमवारी चोख, मंगळवारी चोख, बुधवारी तूट, आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसला की पुन्हा चोख. जुन्या मोटारीतील वातानुकूलन यंत्रणा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एसी, मधूनच बंद पडून आपोआप सुरू होऊ लागला की त्याचे दुखणे या दुसऱ्या जातीचे समजावे. गाडी मिस्त्रीपुढे उभी केली की एसी बर्फासारखा गार वारा देतो. गॅरेजच्या फाटकाबाहेर पडून अर्धा तास झाला की खिडक्या खाली कराव्या लागतात.

दिघ्यासारख्या ठिकाणी अशा तक्रारी निघाव्यात, यात नवल नाही. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला रेल्वे आणि खाडी, मधून ठाणे-बेलापूर मार्ग आणि त्याला लागून टीटीसी औद्योगिक क्षेत्राचे कारखाने. अवजड वाहनांची रांग, तिच्यामागे उडणारी धूळ आणि खाडीची दमट हवा या तिन्ही गोष्टी एसीच्या मुळावर येणाऱ्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोली यांच्या दरम्यान दिघा गाव स्थानक सुरू झाल्याने नोकरदारांची मोठी सोय झाली. परंतु मालाचे नमुने, हिशेबाच्या वह्या आणि घरातील वडीलधारी माणसे घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याचे गाडीवाचून चालत नाही. त्यातही विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून कळव्याकडे जाताना गाडी किती वेळ खोळंबेल, हे कोणी सांगू शकत नाही.

दिघ्यात औद्योगिक हार्डवेअरचे दुकान चालविणाऱ्या एका कुटुंबाची गाडी अशीच होती. २००७ साली घेतलेली पेट्रोल गाडी, पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०२२ मध्ये नोंदणीचे रीतसर नूतनीकरण केलेली. इंजिन निरोगी, गंज नाही, आणि घरातील आजींना तिच्या आसनाची उंची सोयीची. आजींचे वर्षीतप चालू होते. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणे, असा तेरा महिन्यांचा क्रम. उपवासाच्या दिवशी उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापूर्वी. वय अठ्ठ्याहत्तर. ठाण्यातील टेंभी नाक्याजवळच्या श्री मुनिसुव्रतस्वामींच्या जिनालयात, ज्याला ‘कोकण शत्रुंजय’ म्हटले जाते, त्यांचे नियमाने जाणे होते. अंतर पाच-सहा किलोमीटरच, परंतु कोंडीत त्याला पाऊण तास लागे. वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात येते. तो उन्हाळा किती कठोर असू शकतो, हे नवी मुंबईने १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर पाहिले आहे. त्या दिवशीच्या उन्हाच्या तडाख्याने १४ जणांचे प्राण गेले. उपवास केलेल्या वृद्ध व्यक्तीसाठी बंद गाडीतील पाऊण तास ही केवळ गैरसोय राहत नाही. म्हणून या घरात एसीचा प्रश्न ऐषआरामाचा मानला गेला नाही.

दुरुस्तीचा इतिहास मात्र सर्वत्र घडतो तसाच घडला. पहिल्या गॅरेजात गॅस कमी आहे असे सांगून गॅस भरण्यात आला. आठ दिवस एसी उत्तम चालला आणि पुन्हा रुसला. दुसऱ्या ठिकाणी प्रेशर स्विच बदलला, चार दिवस बरे गेले. तिसऱ्या ठिकाणी निदान एका वाक्यात झाले: “शेठ, कॉम्प्रेसर गेला.” अंदाजपत्रक २८,००० रुपयांचे. येथे व्यापारी घरातील माणसाच्या मनात एक हिशेब आपोआप सुरू होतो. गाडी ४ लाखांना घेतलेली. आयकराच्या नियमाप्रमाणे मोटारीवर दरसाल १५ टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. सतरा वर्षांनी पुस्तकी किंमत उरते सुमारे २५,००० रुपये. म्हणजे एक भाग अख्ख्या गाडीच्या पुस्तकी किमतीपेक्षा महाग! घरात गाडी काढून टाकण्याची चर्चा सुरू झाली, ती येथूनच.

या तिन्ही मिस्त्रींना अप्रामाणिक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. प्रत्येकाने गाडी पाहिली ती तिच्या निरोगी अवस्थेत. ग्राहकाने दिलेली माहिती एवढीच, की “मधूनच बंद पडतो”. एवढ्या साक्षीवर कोणता न्यायाधीश निकाल देईल? मग ज्याच्या हाताला जे लागले, तेच त्याने कारण मानले. अनेकान्त समजावताना सांगितली जाणारी हत्तीची गोष्ट प्रत्येक पाठशाळेत मुले ऐकतात, आणि मोठी झाल्यावर गॅरेजात जाऊन विसरतात.

पुढचे नीट समजण्यासाठी यंत्रणेची ओळख थोडक्यात करून घेतली पाहिजे. कॉम्प्रेसर वायूला दाबतो, दाबल्याने तो तापतो. रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताच त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डच्या आतील कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होताना ती कॉइल गार पडते. पंखा त्या कॉइलवरून हवा ढकलतो, तोच आपल्याला मिळणारा गारवा. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, पण सतत नव्हे. त्याच्या तोंडाशी विजेचा क्लच असतो. वीज मिळाली की चुंबक एक चकती ओढून घेतो, ‘टक’ असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. कॉइल फार गार झाली, दाब मर्यादेबाहेर गेला किंवा इंजिन तापले, तर ही वीज तोडली जाते. निरोगी एसीतही क्लच असा वारंवार लागत-सुटत असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

कोंडी फुटली ती घरातल्या सूनबाईंमुळे. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर, दुकानाची खतावणी त्याच पाहतात. त्यांचे म्हणणे असे होते की ज्या फरकाचे कारण कळत नाही तो फरक आपण उचंत खात्यात टाकतो, पण उचंत खात्यातही तारीख आणि रक्कम लिहावीच लागते. येथे तर तेवढेही लिहिलेले नाही. त्यांनी गाडीच्या कप्प्यात एक लहान वही ठेवली. तारीख, वेळ, इंजिन सुरू होऊन झालेली मिनिटे, मोबाईलवर दिसणारे बाहेरचे तापमान, गाडी धावत होती की कोंडीत उभी होती, पंख्याचा वारा तेवढाच होता की कमी झाला, ‘टक’ आवाज ऐकू येत होता का, आणि गारवा पुन्हा किती वेळाने आला, एवढे रकाने. जो गाडी चालवील त्याने गाडी थांबताच नोंद करायची, स्मरणावर सोडायचे नाही, असा दंडक घातला. एसी नीट चालला तरी ‘ठीक’ एवढे लिहायचे. हा शेवटचा नियम फार मोलाचा ठरला, कारण दोष कधी दिसत नाही हे कळल्याशिवाय तो कधी दिसतो याला अर्थ येत नाही.

एकोणीस दिवसांत २६ फेऱ्या आणि ११ वेळा बिघाड. वही उघडून पाहताच बोलू लागली. नऊ नोंदी एकमेकींशी जुळत होत्या. इंजिन सुरू होऊन वीस मिनिटे उलटल्यावरच गारवा जाई, सकाळी नऊच्या आधी तो एकदाही गेला नव्हता, पंख्याचा वारा कधीच कमी झाला नव्हता, ‘टक’ आवाज मात्र बंद होई, आणि गाडी पाऊण तास सावलीत उभी राहिली की सारे पूर्ववत. या नऊपैकी चार वेळा गाडी विटाव्याच्या कोंडीत होती, परंतु पाच वेळा ती ऐरोली-रबाळेच्या मोकळ्या रस्त्यावर वेगात होती. उरलेल्या दोन नोंदी वेगळ्या पडल्या. एक खंडाळ्याच्या घाटातली. चढावर वेग देताना गारवा काही सेकंद गेला आणि लगेच आला. हा दोषच नव्हे. इंजिनावर पूर्ण भार पडला की अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर मुद्दाम सोडला जातो. दुसऱ्या नोंदीचे कारण मागच्या आसनावरून पुढे वाकून एसीचे बटण दाबणारा पाच वर्षांचा नातू, हे त्याने स्वतःच नंतर कबूल केले.

आणखी एक गोष्ट वहीने मागाहून उघड केली. पहिल्या गॅरेजात गॅस भरल्यानंतरचे ते आठ ‘उत्तम’ दिवस अवकाळी ढगाळ हवेचे होते आणि त्या आठवड्यात गाडी फक्त सकाळी बाहेर पडली होती. गॅसने काहीच दुरुस्त केले नव्हते. दोष त्या दिवसांत दिसण्याचे कारणच नव्हते.

वही घेऊन कुटुंबातील थोरले चिरंजीव दिघ्यातीलच एका वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “शेठ, उद्या सकाळी गाडी आणू नका. दुपारी दोनला आणा. एसी लावून, फिरवून, चांगली तापवून आणा.” चिरंजीवांनी विचारले, “मिस्त्री, पण तेव्हा काय दिसणार?” उत्तर आले, “बंद पडलेला एसी दिसणार. चालू एसीत काय शोधू?” या एका उत्तरात साऱ्या प्रकरणाचा निम्मा उलगडा आहे. मधूनच होणारा दोष त्या क्षणीच पकडावा लागतो. तो क्षण येईपर्यंत हाताला हत्यार लागता कामा नये.

दुपारी गाडी आली, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले गेले. वीस-पंचवीस मिनिटांनी गारवा गेला. मिस्त्रींनी गाडी बंद न करता क्लचच्या तारेवर मीटर लावला: १३ व्होल्टपेक्षा जास्त. वीज पोहोचत होती. पुली गरगर फिरत होती आणि तिच्यापुढची चकती मात्र स्थिर उभी. म्हणजे फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, थर्मोस्टॅट, सारी वायरिंग, हे सर्व एका मिनिटात निर्दोष ठरले आणि दोष क्लचपाशी येऊन थांबला. इंजिन बंद करून, गार झाल्यावर, चकती आणि पुली यांमधील फट फीलर गेजने मोजली. ती ०.९ मिलिमीटर निघाली. अशा क्लचमध्ये ती सर्वसाधारणपणे ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. चकतीच्या मागे पातळ पत्र्याच्या वायसर असतात, त्यांतील एक काढली, फट ०.४५ वर आली. मजुरी ६०० रुपये. कॉम्प्रेसर ठणठणीत होता.

हे असे का घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. क्लच वर्षानुवर्षे लागत-सुटत राहिला की चकतीचा पृष्ठभाग झिजतो आणि फट वाढते. चुंबकाला तेवढ्या लांबून चकती ओढावी लागते. सकाळी गार असताना चुंबकाच्या तांब्याच्या वेटोळ्याचा विद्युत्-रोध समजा साडेतीन ओहम असतो, तेव्हा साडेतेरा व्होल्टवर त्यातून सुमारे ३.९ अँपिअर प्रवाह जातो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. इंजिनाच्या धगीने आणि स्वतःच्याच उष्णतेने वेटोळे ८० अंशांनी तापले, तर रोध साडेचार ओहमच्या पुढे जातो आणि प्रवाह २.९ अँपिअरवर येतो. चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती ढोबळमानाने चाळीस टक्क्यांनी घटते. फट योग्य असेल तर उरलेली ओढ पुरते. वाढलेल्या फटीला ती पुरत नाही. एकदा चिकटलेली चकती मात्र तापल्यावरही सुटत नाही, कारण तेव्हा फटच उरलेली नसते. थर्मोस्टॅटने नेहमीप्रमाणे वीज तोडून पुन्हा दिली, की त्या वेळी ती लागत नाही. म्हणून दोष अर्ध्या प्रवासात, भर दुपारी आणि कोणतेही कारण दिसत नसताना उगवतो.

प्रत्येक गाडीचा दोष क्लचच्या फटीतच असेल असे मुळीच नाही. पण पहिला प्रश्न सर्वत्र एकच राहतो: एसी बंद पडलेला असताना क्लचपर्यंत वीज पोहोचते का? पोहोचत असेल तर दोष क्लचमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. नऊ-दहा व्होल्टच पोहोचत असतील तर वाटेत कोठेतरी जोड सैल आहे किंवा रिलेचे तोंड जळले आहे. येथे नुसता टेस्टिंग लॅम्प फसवतो, कारण कमी दाबावरही तो पेटतो, मीटरच हवा. वीज मुळीच येत नसेल तर उलट दिशेने जावे. त्याच फ्यूजपेटीत हॉर्नचा रिले बहुधा तसाच असतो. नंबर आणि पायांची रचना तीच असल्याची खात्री करून दोहोंची अदलाबदल केली, तर एका पैशाच्या खर्चाविना रिलेची परीक्षा होते. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या दाबांची नोंद, मग थर्मोस्टॅट. खड्ड्यातून जाताना किंवा पहिल्या पावसानंतरच दोष दिसत असेल, तर आधी जोडण्या तपासाव्यात. खाडीकाठच्या खारट हवेत पितळी पिनांवर हिरवट थर चढतो आणि नुसता साफ केल्यानेही तो आजार बरा होतो.

गाडी उभी असताना गारवा जातो आणि वेगात आला की परततो, अशी नोंद वहीत वारंवार दिसली, तर कंडेन्सर आणि त्याचा विजेचा पंखा यांच्याकडे पाहावे. धावत्या गाडीत समोरचा वारा पंख्याचे काम करतो, कोंडीत पंखाच आधार. पंख्याच्या मोटारीतील कार्बन झिजले की तो कधी सुरू होतो, कधी अडतो, आणि हलक्या हाताने टिचकी मारली की फिरू लागतो. दिघ्यात याच्या जोडीला धूळ. कंडेन्सरच्या जाळीत ती ओलसर हवेने घट्ट बसते. साध्या नळाच्या धारेने, पाते न वाकविता ती धुऊन घेणे हा वर्षातून दोनदा करण्याचा घरगुती उपाय आहे. वरील कुटुंबाच्या गाडीतही क्लच दुरुस्त झाल्यावर वही चालू ठेवली गेली, तेव्हा पुढच्या महिन्यात दोन नोंदी याच जातीच्या निघाल्या, आणि पंख्याचे कार्बन बदलावे लागले. एका गाडीत एकाच वेळी दोन दोष असू नयेत, असा काही नियम नाही.

याच्या नेमके उलट चित्रही दिसते. शहरात एसी उत्तम चालतो. लोणावळ्याच्या किंवा नाशिकच्या वाटेवर दोन तासांनी मात्र वारा हळूहळू कमी होत बंद झाल्यासारखा वाटतो, आणि एसी बंद करून नुसता पंखा ठेवला की दहा-पंधरा मिनिटांत पायाशी पाणी ठिबकून सारे ठीक होते. ही कूलिंग कॉइलवर साचलेल्या बर्फाची खूण. थर्मोस्टॅट वेळेवर वीज तोडत नाही, किंवा केबिनचा फिल्टर धुळीने इतका चोंदला आहे की हवाच पुढे जात नाही. फिल्टर बदलणे हे घरी दहा मिनिटांचे काम आहे. वारा तसाच राहून केवळ गारवाच येतो-जातो, आणि क्लचही लागलेला असतो, तेव्हा यंत्रणेत ओलावा शिरल्याचा संशय घ्यावा. पाण्याचा कण एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, वाट अडवतो, वितळतो, पुन्हा गोठतो. यावर गॅस भरणे हा उपाय नाही. गॅस काढून, ड्रायर बदलून, निर्वात पंपाने किमान अर्धा तास यंत्रणा कोरडी करणे हाच आहे.

आता गॅसविषयी, कारण या विषयात सर्वांत जास्त पैसा येथेच वाया जातो. एसीचा वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच तोच फिरत राहतो. जुन्या रबरी हौजमधून तो अगदी थोडा झिरपतो हे खरे, पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे फुटक्या कोठीत ओतलेले धान्य. लहान गाडीत साधारण ४०० ते ६०० ग्रॅम गॅस लागतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तो अंदाजाने नव्हे, वजनाने भरला पाहिजे. जास्त भरला तर दाब वाढून स्विच वीज तोडतो आणि नवाच ‘मधूनच’ दोष जन्माला येतो. बाटली सीलबंद आहे ना, तिच्यावर योग्य वायूचे नाव आहे ना, हे पाहण्यास संकोच करू नये. स्वस्तात भरलेला ज्वलनशील वायू इंजिनाच्या धगीशेजारी बाळगणे जिवाशी खेळ आहे.

मोटारीतील एसीची कथा १९३९ च्या अखेरीस अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीच्या गाडीपासून सुरू होते. पुढे अनेक दशके त्यासाठी आर-१२ हा वायू वापरला गेला. तो ओझोनचा थर कुरतडतो, हे रोलँड आणि मोलिना यांनी १९७४ मध्ये दाखविले, १९८७ मध्ये माँट्रिअलचा करार झाला आणि त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. हा ओझोनला अपाय करीत नाही, परंतु उष्णता अडविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट प्रबळ आहे. म्हणून त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने घटविण्याचा किगाली येथील २०१६ चा करार भारताने २०२१ मध्ये मान्य केला. व्यापारी भाषेत सांगायचे तर नळी सैल करून अर्धा किलो आर-१३४ए हवेत ‘फुस्स’ करून सोडला, की त्याचा परिणाम ७०० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे सुमारे तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याएवढा. गॅस यंत्राने परत काढून घेणारे गॅरेज थोडे अधिक पैसे मागते. वायुकायाच्या जीवांविषयी जयणा शिकलेल्या घरांनी हे पैसे मागितल्यावर घासाघीस करू नये, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

गाडी ठेवावी की काढावी, हा प्रश्न उरतोच. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, शिवाय पर्यावरण कर आणि दर पाच वर्षांनी तपासणी. हा खर्च ठरलेला आणि आधी कळणारा आहे, त्याची तरतूद करता येते. गाडी विकायला लावतो तो न कळलेल्या दोषाचा कंटाळा. या कुटुंबाने तीन ठिकाणी दिलेली रक्कम आणि टळलेले २८,००० रुपये वहीच्या शेवटच्या पानावर समोरासमोर लिहून ठेवले आहेत. गाडी अजून त्यांच्याकडेच आहे आणि आजींचे पारणे ठरल्या दिवशी, सकाळी दहाच्या आत, ठाण्यात पार पडले.

जे घरी वही ठेवू इच्छितात त्यांनी काही सावधगिरी बाळगावी. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात, उपरणे किंवा साडीचा पदर नेऊ नये. गॅसच्या नळीचे टोपण स्वतः उघडू नये, कारण सुटणारा वायू कातडी आणि डोळे गोठवतो. मिस्त्रीकडे जाताना निदान सांगू नये, नोंदी दाखवाव्यात. आणि हिवाळ्यात गरज नसली तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते, आणि महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या एसीची सील कोरडी पडून उन्हाळ्याच्या तोंडावर गळू लागते.